जुना कूलर, एसी, गीझर: विकताना आणि घेताना खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी पेटली की दुकानात दोन प्रकारची माणसं यायला लागतात. एकाला जुना कूलर विकायचा असतो, दुसऱ्याला घ्यायचा असतो, आणि समोरचा आपल्याला गंडवणार याची दोघांनाही खात्री असते. भुसावळात दुरुस्तीचं काम आणि जुन्या मालाची देवघेव करताना तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले की शेवटी लिहून काढले. हिशोब जळगाव, धुळे, नंदुरबार आणि आसपासच्या गावांचा आहे. पुण्या-मुंबईच्या हवेत आणि बाजारात तो तसाच बसणार नाही.

एसी ३६ हजारांना घेतला होता, पावती जपून ठेवलीय. तीन उन्हाळे झाले. निम्मे तरी येतील ना?

जळगावच्या सराफ बाजारात बांगड्या मोडायला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घडणावळ गेली, घट कापली, उरलं त्याचे पैसे. एसीचंही तसंच आहे. भिंतीला भोक पाडलं, तांब्याची जास्तीची नळी घेतली, बाहेर स्टँड ठोकला, बसवणाऱ्याला मजुरी दिली, ही सगळी घडणावळ. ती तुम्हाला परत मिळत नाही आणि घेणाऱ्याला त्याच्या घरी नव्याने द्यावी लागते.

फरक एवढाच, की सोन्याचा भाव वर जातो आणि एसीच्या नव्या मालाचा भाव खाली येऊ शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. बाकी काहीच बदललं नाही असं धरलं तरी ३६ हजारांची वस्तू त्यामुळे ३३ हजारांच्या आसपास येते. तुमच्या पावतीवर ३६ असतील, घेणाऱ्याच्या डोळ्यासमोर ३३ असतात. भाव तिथून सुरू होतो.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: तशाच नव्या वस्तूचा आजचा भाव धरायचा. पहिल्या उन्हाळ्याला त्यातला एक तृतीयांश वजा. पुढच्या प्रत्येक उन्हाळ्याला आजच्या भावाच्या आठ-नऊ टक्के वजा. म्हणजे ३३ हजारांवर पहिल्या वर्षी २२, तीन उन्हाळ्यांनी सोळा-साडेसोळा, सहा उन्हाळ्यांनी सात ते नऊ हजार. आठ-नऊ उन्हाळे झाले की एसी म्हणून भाव विचारू नका, तांब्याचा भाव विचारा. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आजच्या भावाचे निम्मे येतील, पावतीचे निम्मे येतीलच असं नाही.

वर्षं मोजताना मी मुद्दाम उन्हाळे म्हणतो. सुरतला नोकरीला असलेल्या मुलाच्या इथल्या खोलीत बसवलेला आणि वर्षातून पंधरा दिवस चालणारा एसी चार वर्षांचा असला, तरी यंत्र म्हणून तो एका उन्हाळ्याचाही नसतो. मात्र हे सिद्ध करणं तुमचं काम. घेणारा स्टिकरवरचं बनावटीचं वर्ष बघणार.

कूलर कधी विकावा?

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च संपेपर्यंत. तेव्हा ऊन चढायला लागलेलं असतं, नवा घ्यायचा की जुना यावर घराघरांत खल चालू असतो आणि कारागिरांना वेळ असतो. एप्रिलमध्येही भाव चांगला येतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तर लेकी-नातवंडं माहेरी येतात, घरात माणसं दुप्पट होतात, बाहेर पारा ४३-४४ वर असतो, आणि एरवी घासाघीस करणारा माणूस पाहिल्या पाहिल्या पैसे काढून देतो.

मृग लागला की संपलं. पहिला पाऊस पडल्यावर कूलर घेऊन येणाऱ्याला मी सरळ सांगतो, घरी जागा असेल तर पुढच्या वर्षापर्यंत ठेवा. जागा नसेल तर मग मी म्हणेन तो भाव. घेणाऱ्यांसाठी हेच उलटं: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या. पंचाईत एवढीच, की पावसाळ्यात कूलर नीट गारवा देतोय का ते तपासता येत नाही. मोटर, पंप आणि टाकी पाहूनच विश्वास ठेवावा लागतो.

रेल्वे आणि आयुधनिर्माणीतल्या लोकांच्या बदल्यांचे दिवस वेगळे असतात. बदलीवाल्या माणसाला दिवस मोजून मिळालेले असतात, ट्रक ठरलेला असतो आणि कूलर न्यायचा नसतो. त्याच्याकडून माल स्वस्तात मिळतो आणि बहुधा नीट वापरलेला मिळतो.

लोखंडी कूलरला जास्त भाव की फायबरच्या?

नव्यात फायबरची कंपनीवाली वस्तू महाग. जुन्यात मात्र खान्देशात लोखंडी कूलर टिकून भाव खातो, कारण त्यातला एकेक भाग बदलता येतो. मोटर जळली, दुसरी बसवा. पंप गेला, शे-दोनशेचा घ्या. लोखंडी जाळी सडली, तर वेल्डिंगवाला गल्लीतच आहे. फायबरच्या कूलरची टाकी चिरली किंवा पुढची पाती हलवणारं दातेरी चाक तुटलं, की त्याच मॉडेलचा भाग शोधत फिरावं लागतं.

दुसरं म्हणजे हवा. १८ किंवा २० इंची पंख्याचा लोखंडी डब्बा हॉलभर हवा फेकतो. लग्नसराईत मंडपवाले असेच मोठे कूलर उचलतात, त्यांना दिसण्याशी कर्तव्य नसतं. तुमच्याकडे मोठा, ओबडधोबड पण जोरदार कूलर असेल तर शेजाऱ्याला विचारण्याआधी मंडपवाल्याला विचारा.

जुना कूलर घेताना नक्की काय बघायचं? वरून तर सगळे चकाचकच दिसतात.

चकाचक दिसला की मी आधी सावध होतो. ताजा चंदेरी रंग म्हणजे बहुतेक वेळा गंजावर पांघरूण. एकदा मीच असा फसलोय. धुळ्याहून एकदम चार कूलर आणले, रंग सुकलेला, पंखे गुळगुळीत. पाणी भरलं तर दोघांच्या बुडातून धार.

बुड बघा. टाकीच्या तळाला अंगठ्याने दाबा, पत्रा कचकन वाजला किंवा आत गेला तर सोडून द्या. आतून डांबर फासलेलं असेल तर त्यात वाईट काही नाही, आपल्याकडे शहाणी माणसं नव्या कूलरलाही फासतात. मात्र डांबराखाली पत्रा आहे की नुसतंच डांबर, हे बोटाला कळतं. जमलं तर संध्याकाळी पाणी भरून सकाळी पुन्हा जाऊन पाहा. विकणारा नको म्हणाला, तर तेच उत्तर समजा.

मोटर तांब्याच्या वाइंडिंगची की अल्युमिनियमच्या, हा भावातला मोठा फरक. चुंबक लावून कळत नाही, दोन्ही धातूंना चुंबक चिकटत नाही. मोटर उघडून तारेच्या एका टोकावरचं वार्निश ब्लेडने खरवडायचं. लाल निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर अल्युमिनियम. विकणारा मोटर उघडू देत नसेल तर अल्युमिनियमचाच भाव द्या. मोटर चालू करून वीस मिनिटं तशीच राहू द्या, मग बंद करून हात लावा. गरम असणारच, पण हात ठेवता येऊ नये इतकी नको. पंखा हाताने फिरवून सोडला तर सावकाश थांबला पाहिजे. झटकन अडून थांबला, तर बुश (आसाला धरणाऱ्या आतल्या कड्या) गेलेत.

जाळ्यांना भाव देऊच नका. लाकडी भुशाच्या असोत, वाळ्याच्या असोत की मधाच्या पोळ्यासारख्या पुठ्ठ्याच्या, आपल्या बोअरच्या पाण्याने त्यांच्यावर पांढरा खार चढतो आणि हवा अडते. भुशाच्या आणि वाळ्याच्या दरवर्षी नव्याच घालायच्या. पुठ्ठ्याच्या जाळ्या दोन-तीन उन्हाळे काढतात, पण विकणारा त्या ‘नवीनच आहेत’ म्हणून हजारभर वाढवून मागत असेल तर बोट घालून एक घडी दाबून पाहा. चुरा पडला की हजार रुपये वाचले.

‘पंखा चालस, पानी चढत नही.’ असा कूलर घ्यावा का?

आनंदाने घ्यावा, भाव पाडून. पंपच गेलेला असतो किंवा नळ्यांची भोकं खाराने बुजलेली असतात. दोन्ही कामं घरच्या घरी होतात. उलट ‘पाणी मस्त चढतं, पंखाच थोडा आवाज करतो’ असं म्हणणाऱ्यापासून जपा.

शॉक लागतो असं ऐकलं, ते खरं का?

खरं आहे, आणि बाकी सगळे प्रश्न विसरलात तरी हा विसरू नका. लोखंडी पत्रा, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, एवढं एकत्र आल्यावर वायरची एक सोललेली जागा पुरते. उन्हाळ्यात अशा मृत्यूच्या बातम्या येतातच, आणि त्यात पाणी भरायला गेलेली बाई किंवा खेळता खेळता हात लावलेलं पोर असतं.

जुना लोखंडी कूलर घरी आणला की पहिलं काम: तीन पिनांची नवी वायर, तिची हिरवी तार पत्र्याला घट्ट कसलेली, आणि घरच्या सॉकेटला खरोखरचं अर्थिंग आहे का याची वायरमनकडून तपासणी. पुष्कळ जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. पंपाच्या वायरला पाण्याजवळ सांधा असेल तर टेप गुंडाळू नका, पंप बदला. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, पिन काढायची. हा सगळा खर्च भावातून कापून मागायचा हक्क घेणाऱ्याला आहे.

मुलगा सुरतला स्थायिक झाला. इथला चांगला कूलर तिकडे पाठवू का?

नको, इथेच विका. कूलर पाणी सुकवून गारवा करतो, आणि सुकायला कोरडी हवा लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तेव्हा चांगला कूलर खोलीत २६-२७ अंशांची हवा सोडू शकतो. समुद्राजवळच्या सुरतेत हवाच दमट. तिथे तोच कूलर अंग चिकट करतो, आणि तिथे तो विकायला काढला तरी इथल्यासारखा भाव येणार नाही. एसी मात्र न्या. खान्देशातून सुरतेला जाणाऱ्या संसारात एसी ट्रकमध्ये आणि कूलर भावाच्या घरी, हे वर्षानुवर्षं चालत आलंय.

पुण्याला जाणाऱ्यांनाही हेच सांगेन, कारण वेगळं आहे. तिथे उन्हाळ्याचे दिवसच थोडे आणि फ्लॅटच्या गॅलरीत कूलरला जागा नाही.

माझा एसी फाइव्ह स्टार आहे. तरी समोरचा थ्री स्टारचा भाव का देतो?

कारण तारे शिळे होतात. बीईई या वीजबचतीच्या सरकारी संस्थेच्या लेबलवर ते कोणत्या काळासाठी लागू आहे ते छापलेलं असतं, आणि निकष अधूनमधून कडक केले जातात. १ जुलै २०२२ ला असं झालं तेव्हा आदल्या दिवशीचा फाइव्ह स्टार नव्या मापाने फोर स्टार ठरला. २०१८ पूर्वी तर इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे हळू-जोरात चालणारा) आणि साध्या एसीची मोजणीच वेगळी होती. तुमचा २०१६ चा फाइव्ह स्टार साधा एसी आजच्या थ्री स्टार इन्व्हर्टरसमोर विजेच्या बाबतीत टिकत नाही.

ताऱ्यांवर वाद घालण्यापेक्षा लेबलवरचा वर्षाचा युनिटचा आकडा बघा. तो १६०० तासांचा हिशोब आहे. दोन एसींचे आकडे शेजारी ठेवले की भांडण मिटतं. फक्त दोन्ही लेबलं २०१८ नंतरची हवीत.

साधा एसी सात-आठ हजारांत मिळतोय. नव्या इन्व्हर्टरवर ३५ हजार का घालायचे?

किती वापरणार त्यावर आहे. दीड टनाचा जुना साधा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड-पावणेदोन युनिट खातो. नवा इन्व्हर्टर खोली गार झाली की हळू चालतो, रात्रभराची सरासरी पाऊण-एक युनिटावर येते. तासाला पाऊण युनिटाचा फरक धरा. रोज आठ तास, शंभर दिवस, म्हणजे ८०० तास. ६०० युनिट झाले. युनिटला दहा रुपये धरले तर एका उन्हाळ्याचे सहा हजार. महावितरणच्या बिलात महिन्याला ३०० युनिटांच्या वर गेलं की दर एकदम चढतो, आणि एसीवाल्या घरात वरचे युनिट त्याच दराने पडतात, म्हणून दहा हा आकडा मी फुगवलेला नाही.

वरच्या सात-आठ हजारांत बसवणावळ, नळी, स्टँड आणि गॅस घाला. वस्तू बारा-तेरा हजारांना पडते आणि तिच्यात दोन-तीन उन्हाळे उरलेले असतात. रोज रात्रभर लावणाऱ्याने हा सौदा करू नये. पाहुण्यांच्या खोलीत, महिनाभर माहेरी येणाऱ्या लेकीसाठी, किंवा दुपारचे दोन तास आजोबांच्या खोलीत लावायचा असेल तर जुना साधा एसी बेस्ट. दुरुस्तीही स्वस्त, त्याच्यात नाजूक पीसीबीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं लफडं कमी.

विंडो एसीला अजून गिऱ्हाईक आहे?

आहे, आणि भाड्याने राहणाऱ्यांत चांगलंच आहे. दोघांनी उचलला, टेम्पोत टाकला, खिडकीत ठेवला. नळी सोडायची नाही, गॅस ओढायचा नाही. बसवणावळ नगण्य असल्याने मघाशी म्हटलं ते घडणावळीचं नुकसान इथे होत नाही. म्हणून तेवढ्याच वयाचा विंडो एसी स्प्लिटपेक्षा लवकर विकला जातो. आवाज करतो, हे खरं. मे महिन्यातल्या रात्री कोणी आवाजाची तक्रार घेऊन आलेला मला आठवत नाही.

‘गॅस फुल आहे’ म्हणजे काय? गॅस दरवर्षी भरावा लागतो ना?

नाही. गॅस काही पेट्रोल नव्हे, तो बंद नळीत फिरत राहतो, जळत नाही, संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. दरवर्षी गॅस भरून घेतो असं विकणारा अभिमानाने सांगत असेल तर त्याने गळती कबूल केली असं समजा.

गॅस कोणता, हे स्टिकरवर असतं आणि भावाला महत्त्वाचं असतं. आर-२२ असेल तर आठ-नऊ उन्हाळ्यांचा नियमही लावू नका, त्याआधीच तो मोडीत जमा. ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस देशातून टप्प्याटप्प्याने जातोय, दुरुस्तीपुरता किरकोळ वाटा सोडला तर २०३० पर्यंतची मुदत आहे. आर-४१० ए चालेल. आर-३२ सध्या सगळीकडे आहे, भरणारा गावोगाव मिळतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. वस्तू चांगली असते, पण ज्याला त्याची सवय आहे अशाच कारागिराने हात लावावा. आर-३२ सुद्धा पेट घेऊ शकतो, एवढा पटकन नाही. नळीत गॅस असताना ब्रेझिंगची (नळी सांधण्याची) ज्योत लावणारा कारागीर दिसला तर तुम्ही खोलीबाहेर या.

एसी घेण्याआधी अर्धा तास मिळाला तर काय पाहू?

दुपारी जा. सकाळी सगळे एसी चांगले असतात. पोचायच्या आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा, तुमच्या समोर थंड अवस्थेतून सुरू झाला पाहिजे. वीस मिनिटांनी आत ओढली जाणारी आणि बाहेर फेकली जाणारी हवा यांत दहा-बारा अंशांचा फरक हवा. साधा थर्मामीटर नेलात तर विकणारा आपोआप खरं बोलायला लागतो.

मग गच्चीवर चढा. बाहेरच्या युनिटची जाड नळी गार आणि घामेजलेली हवी. बारीक नळीवर बर्फ धरला असेल तर गॅस कमी. नटांभोवती तेलकट काळपट डाग दिसला तर तिथून गळतोय, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. आजूबाजूलाही पाहा. युनिट गटारावर किंवा गोठ्याजवळ लावलेलं असेल तर मी दोन हजार कमीच देतो. गोठ्यातल्या मूत्राचा अमोनिया तांबं आणि पितळ खातो, पितळी नटांना बारीक चिरा पडतात. शहरातल्या माणसाला हे सुचत नाही, खेड्यात हे हमखास असतं.

इन्व्हर्टर असेल तर बाहेरचं झाकण उघडून पीसीबी पाहा. तिथे मेलेली पाल सापडली तर हसू नका, पुष्कळ बोर्ड पालींमुळेच जळतात. बोर्डावर आधी दुरुस्ती झालेली दिसली तर भाव पाडायला ते चांगलं कारण आहे. गावात व्होल्टेज वरखाली होत असेल आणि स्टॅबिलायझर लावलेला नसेल, तर तेही.

आतल्या आणि बाहेरच्या युनिटवरचे स्टिकर एकाच मॉडेलचे आहेत का आणि क्रमांक पावतीशी जुळतात का, हे पाहणं दोन मिनिटांचं काम. कॉम्प्रेसरची वॉरंटी पुष्कळदा वस्तूपेक्षा जास्त वर्षांची असते आणि पावतीशिवाय ती कागदावरच राहते. पावती नसलेला आणि फार स्वस्त एसी कुठून आला असेल, याचाही विचार करा.

काढताना खर्च कोणाचा?

आधी बोला. मी तरी ‘काढणं विकणाऱ्याचं, बसवणं घेणाऱ्याचं’ असं ठेवतो. काढताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेऊन दोन्ही व्हॉल्व्ह बंद करतात, याला कारागीर पंप डाउन म्हणतात. दहा मिनिटांचं काम. ते न करता नळी सरळ कापली की हजारोंचा गॅस हवेत आणि नळीत धूळ-ओल. म्हणून स्वस्तातला माणूस बघू नका. तांब्याची नळी कोणाकडे जाणार, तेही आधीच ठरवा. यावरून दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

दुकानाची ‘जुना द्या, नवा घ्या’ योजना परवडते का?

कधी कधी. दुकानात आधी जुन्याचं नावच काढू नका. नव्याचा रोखीचा शेवटचा भाव काढून घ्या, मग विचारा, जुना दिला तर किती. पुष्कळदा एक्स्चेंजचे तीन हजार म्हणजे एरवी मिळणारी दोन हजारांची सूट आणि वर हजार, एवढंच निघतं. आठ वर्षांवरच्या एसीला मात्र हा हजारही बरा, काढून नेण्याची कटकट वाचते.

मोबाइलवर जाहिरात टाकली. एकाने न पाहताच हो म्हटलं, क्यूआर कोड पाठवतो म्हणाला.

फोन ठेवा. तो आपण सैन्यात असल्याचं सांगेल, बदलीची घाई सांगेल. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमचेच पैसे गेले. गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि एक सांगू? न पाहता, घासाघीस न करता जुना कूलर घेणारा माणूस खान्देशात जन्मायचाय. ‘कितलाले देशी, भाऊ?’ असं ज्याने विचारलंच नाही, तो गिऱ्हाईक नाही.

जुन्या गीझरला काय भाव येतो?

टाकीवाल्याला फार थोडा. आपलं पाणी जड आहे, कॉइलवर चुनखडीसारखा थर बसतो, टाकीत खार साचतो. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी असते, ती दोन-तीन वर्षांनी बदलायची असते, हे दहा घरांत एकालाही ठाऊक नसतं. कांडी झिजली की पाणी टाकी खायला लागतं, आणि टाकी एकदा पाझरली की दुरुस्ती नाही. म्हणून पाच वर्षांवरचा टाकीचा गीझर मी घेतच नाही. कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलून मिळतात, टाकी नाही.

तीन लिटरचा इन्स्टंट विद्यार्थी घेतात, चार-पाचशेला जातो. गॅस गीझर मी विकत घेत नाही, विकतही नाही. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही, आणि माणूस आंघोळीला जाऊन परत येत नाही.

सोलरचा बंब?

इथे चांगलं गिऱ्हाईक आहे, ऊन फुकट आणि भरपूर. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये नळ्या फुटल्या तर सुट्या मिळतात, त्यामुळे दोन-चार फुटक्या नळ्यांवरून सौदा मोडू नका. जीव टाकीत आहे. तिच्यातून पाणी ठिबकत असेल, बाहेरच्या पत्र्याला ओल आली असेल, तर आतलं इन्सुलेशन भिजलंय, रात्रभर पाणी गरम राहणार नाही. गच्चीवरून उतरवण्याची मजुरी आणि वाटेत फुटणाऱ्या नळ्या धरूनच बोला.

रूम हीटर विकायचाय, धुळ्यात तरी जाईल का?

धुळ्यात थंडी पडते हे खरं, जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. पण ती मोजकी दहा-पंधरा दिवसांची. तेवढ्यासाठी लोक रजई काढतात, शेकोटी करतात, हीटर घेत नाहीत. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तरच चौकशी होते. तेलाचा हीटर असेल तर डिसेंबरात जाईल. तारेचा लालभडक होणारा असेल तर नातेवाइकाला देऊन टाका.

आता विकलाच जात नाही. भंगारात कसा द्यावा?

अख्खा देऊ नका. कूलरची मोटर वेगळी, पंप वेगळा, पत्रा वेगळा. मोटर लोखंडाच्या भावात गेली तर भंगारवाल्याची दिवाळी. एसीत तांब्याची नळी, कॉइल आणि कॉम्प्रेसर हेच खरे पैसे, आणि तांब्याचा भाव रोज हलतो, त्या दिवशीचा विचारूनच तराजूला हात लावू द्या.

गॅस मात्र अंगणात कुऱ्हाडीने नळी फोडून सोडू नका. आर-२२ ओझोन खातो, आर-४१० ए त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. भुसावळात राहून उष्णता वाढवायची म्हणजे कमालच. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत बनवणाऱ्या कंपन्यांवरच जुना माल नीट मोडण्याची जबाबदारी टाकलीय. नवा घेताना दुकानदाराला विचारा, जुना कुठे जातो. निदान त्याला विचार तरी करावा लागेल.

माळ्यावर आजीचा तांब्याचा बंब आहे. तोही याच यादीत धरायचा का?

धरायचा, आणि सगळ्यात वर. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या घालून तो पेटवायचे, तेव्हा त्याचं कौतुक कोणी केलं नाही. आज चौथी पिढी चालू असताना तो वजनाच्या भावाने विकला तरी आजीने मोजले त्याच्या कित्येक पट येतात. भांड्यांच्या दुकानात मोडीला घातलात तर डाग, मातीचा थर आणि पितळी तोटीचं वजन वेगळं काढून घट धरतील. हॉटेल-रिसॉर्ट सजवणारे लोक त्याहून जास्त देतात, पण त्यांना तो न चेपलेला, झाकणासकट आणि मूळ तोटीसकट हवा असतो. म्हणून विकायच्या आधी चिंचेने घासून लख्ख करू नका, आहे तसाच दाखवा. मागच्या उन्हाळ्यात एक बाई असा बंब घेऊन आल्या, त्यावर नाव कोरलेलं होतं. वजन केलं, भाव सांगितला, त्यांनी पदराने नावावरची धूळ पुसली आणि बंब परत रिक्षात ठेवायला लावला. कूलर मात्र विकून गेल्या.